सर्वांत वाईट दिवसाचं पाणी

घरातल्या काचेच्या टाकीचं पाणी बदलताना नळाच्या पाण्याला आधी काही करावं लागतं का, हा प्रश्न शिरूर-दौंडकडे बहुतेक घरांत दोन-तीन शब्दांत मिटतो: काही होत नाही. हे उत्तर अगदीच खोटं नाही. वर्षातल्या बऱ्याच आठवड्यांत खरोखरच काही होत नाही. नळाखाली बादली भरली जाते, तशीच टाकीत ओतली जाते, गोल्डफिश दोन फेऱ्या मारतो, गप्पी खाणं टिपायला वर येतात आणि घरातल्यांची खात्री आणखी पक्की होते. मग एखाद्या रविवारी त्याच नळाचं पाणी त्याच बादलीने ओतलं जातं आणि तास-दोन तासांत मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. संध्याकाळपर्यंत एकेक आडवा होतो. दोष दुकानदाराला दिला जातो, उन्हाला दिला जातो, कधी कुणाच्या नजरेलाही दिला जातो. माझ्या मते दोष त्या जुन्या खात्रीचा असतो. या दोन तालुक्यांत नळाचं पाणी रोज सारखं नसतं. जे पाणी असं बदलत राहतं, त्याचा बंदोबस्त नेहमीच्या दिवसावरून ठरवून चालत नाही. वर्षातला सर्वांत वाईट दिवस धरूनच तो करावा लागतो.

पाणी येतं कुठून, ते आधी पाहू. शिरूर घोड नदीच्या काठावर वसलेलं. जुनी माणसं गावालाच घोडनदी म्हणतात. नदीवर वरच्या अंगाला डिंभे धरण, खाली चिंचणीजवळ घोड धरण, आणि पात्रात पाणी किती हे पावसावर आणि वरून होणाऱ्या विसर्गावर ठरतं. दौंड भीमेकाठी असलं तरी त्या बाजूच्या बऱ्याच गावांची भिस्त खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्यावर. आवर्तन सुटलं की साठवण तलाव भरून घ्यायचे आणि पुढच्या आवर्तनापर्यंत ते पुरवायचे. आवर्तन नुकतंच आलेलं असताना तलावातलं पाणी एक असतं, आणि ते लांबल्यावर तळाशी उरलेलं, शेवाळलेलं, उन्हात तापलेलं पाणी दुसरं असतं. नदीकाठच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि तिथून खाली नदीच्या कडेच्या विहिरींत जे झिरपतं त्यावर या पाण्याची छाप असते. शिरूरच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या टापूत उन्हाळ्यात टँकर फिरतो. बाकी वाड्या-वस्त्यांवर बोअर. एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात, ऋतू पाहून यातली दोन-तीन पाणी आलटून पालटून वापरली जातात. मासे पाळायच्या पुस्तकातलं ‘नळाचं पाणी’ हे कुठल्याशा शहरातलं, बारा महिने एकसारखं असलेलं पाणी असतं. इकडच्या वाचकाने तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर त्याची फसगत होते.

त्यात भर पडते ती औषधाची. ग्रामपंचायतीच्या टाकीत जी पांढरी पावडर टाकतात तिला सगळे टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम या मापाने टाकली, तर पाण्याला लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पण हीच पावडर दमट खोलीत, उघड्या तोंडाच्या पोत्यात, एप्रिल-मेच्या उष्णतेत पडून राहिली की तिचा जोर झपाट्याने उतरतो. तो २० टक्क्यांवर आला, तर त्याच ५ ग्रॅममधून लिटरला १ मिलिग्रॅमच उतरतो. जुनं पोतं संपत आलं की कर्मचारी अंदाजाने मूठभर जास्त टाकतो. दुसऱ्या दिवशी नवं पोतं फुटतं आणि हाताला जुन्या मापाची सवय राहिलेली असते. त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं मी म्हणणार नाही. हाताने औषध टाकायच्या पद्धतीतच हा चढउतार आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटीही वाढते आणि टीसीएलही वाढते. शिवाय टाकीच्या जवळच्या घरांना ताज्या औषधाचं पाणी आधी मिळतं. गावाच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यातलं बरंचसं वाटेत खर्ची पडतं. म्हणून टोकाच्या घरी वर्षानुवर्षं मासे सुखाने जगतात आणि टाकीपाशी राहणाऱ्याचे दर पावसाळ्यात दगावतात, तर दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असू शकतं.

आता माशाच्या बाजूने हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला हवा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. माणसासाठी हे प्रमाण अगदी बिनधोक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४ साली गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी उरलेल्या क्लोरीनची मर्यादा ठरवली ती थोड्या वेळापुरती ०.०१९ आणि सततच्या संपर्कासाठी ०.०११ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या नळाला जे किमान असावं, तेच माशाच्या मर्यादेच्या दहापट आहे. आपण पाणी पितो तेव्हा क्लोरीन जठरातल्या पदार्थांशी भिडून तिथेच संपतो. माशाचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांवरून दिवसभर पाणी वाहत असतं, आणि कल्ल्याचा पापुद्रा इतका पातळ असतो की पाणी आणि रक्त यांच्यात जेमतेम पेशींचा एखादा थर. क्लोरीन तो पापुद्रा जाळतो, चिकट स्राव सुटतो, आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. घात होतो तो इथे: वर येऊन धापा टाकणारा मासा पाहून घरातल्यांना वाटतं की पाणी खराब झालं, आणि ते घाईघाईने आणखी पाणी बदलतात. त्याच नळाचं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आम्ही सगळं पाणी थोडंच बदलतो, पाव भाग तर बदलतो. हिशेब सोपा आहे. ६० लिटरच्या टाकीत ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं १५ लिटर पाणी घातलं, तर सगळीकडे पसरल्यावर ते प्रमाण ०.१२५ होतं, वरच्या मर्यादेच्या साडेसहापट. हे खरं की टाकीतली घाण, शेवाळ, खड्यांवरचा लेप यांच्याशी भिडून त्यातला बराच क्लोरीन काही वेळात संपतो. बहुतेक रविवारी मासे वाचतात ते याचमुळे. पण तो ज्यांच्याशी भिडून संपतो त्यांत कल्लेही असतात आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले जिवाणूही असतात. वाचलेला मासा धडधाकट आहे असं समजण्याची घाई करू नये.

दुसरा सल्ला जुना आणि घरोघरी चालणारा: पाणी रात्रभर पिंपात भरून ठेवा, क्लोरीन उडून जातो. यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत असतो, आणि कोणतं रूप किती हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. साडेसात पीएचला दोन्ही निम्मी-निम्मी असतात. आठला हायपोक्लोराइट हे रूप तीन-चतुर्थांशाच्या आसपास जातं, आणि ते हवेत उडून जात नाही. आपल्याकडचं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, क्षारांचं, पीएच सातच्या वर झुकलेलं. झाकण लावलेल्या निळ्या पिंपात, अंधाऱ्या मोरीत ठेवलेलं असं पाणी सकाळी फारसं बदललेलं नसतं. रुंद तोंडाच्या घमेल्यात किंवा टबात, उन्हात, हवेच्या पंपाचा दगड सोडून ठेवलं तर मात्र ही पद्धत चांगली लागू पडते, कारण ऊन क्लोरीन मोडतं. म्हणून गच्चीवरच्या बंद टाकीत दोन दिवस साठलेल्या पाण्यावर विसंबण्यापेक्षा अंगणातल्या टबावर विसंबावं.

पण मुक्त क्लोरीन हाच एक प्रश्न असता तर टबावर भागलं असतं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात अमोनिया असतो, आणि अशा पाण्यात टीसीएल टाकली की क्लोरीन आणि अमोनिया यांचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ते मुद्दाम बनवतात, कारण ते नळाच्या जाळ्यात जास्त दिवस टिकतं. आपल्याकडे कोणी ते बनवत नाही, ते आपोआप बनतं. आणि टिकाऊपणा हाच त्याचा गुण असल्यामुळे रात्रभर ठेवून ते जात नाही. अमोनिया पुरता संपेल एवढा क्लोरीन घातला तर हा संयोग मोडतो, पण तेवढा क्लोरीन अंदाजाने टाकलेल्या मुठीत असेलच असं नाही. भीमेच्या काठच्या विहिरीवर चालणाऱ्या योजनेत किंवा आवर्तन लांबून तळ गाठलेल्या तलावाच्या पाण्यात हे घडण्याची शक्यता जास्त. अशा पाण्याला क्लोरीनचा ओळखीचा उग्र वास कमी आणि कुबट वास जास्त येतो. ‘आमच्या पाण्याला औषधाचा वासच नाही’ या भरवशावर बादली ओतणारा नेमका इथे सापडतो.

उपाय स्वस्त आहे. माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून छोट्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत सोडियम थायोसल्फेट असतं, जुन्या फोटो स्टुडिओंतलं ‘हायपो’. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली चांदीचे क्षार विरघळवण्याचा त्याचा गुण टिपला, आणि फोटो पक्का करायला ते शंभर-दीडशे वर्षं वापरलं गेलं. दिसायला ते बारीक खडीसाखरेसारखं. व्यवहारात १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम हायपो धरावं. १० ग्रॅम खडे लिटरभर पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम हायपो येतं. १५ लिटरच्या बादलीत ०.५ क्लोरीन असेल तर साडेसात मिलिग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे ५२ मिलिग्रॅम हायपो, म्हणजे पाचेक मिलिलिटर द्रावण पुरतं. पण नवं पोतं फुटलेलं असेल आणि पाण्यात २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर २१ मिलिलिटर लागतं. सर्वांत वाईट दिवस धरण्याचा सल्ला इथे कामाला येतो: हायपो थोडं जास्त पडलं तर माशाला बाधत नाही, कमी पडलं तर कल्ले जळतात. मग दर वेळी २१ मिलिलिटर का घालू नये, यावर मला तरी सबळ उत्तर सापडत नाही. द्रावण गडद बाटलीत ठेवावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी नवं करावं, कारण तेही जुनं होतं. हे टाकीत नंतर ओतायचं नसतं. आधी बादलीत घालायचं, ढवळायचं आणि पाच मिनिटं थांबायचं.

हायपो क्लोरामाइनही मोडतं, पण त्यातला अमोनिया सुटा होऊन पाण्यात राहतो, आणि तो पीएचनुसार विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी शंभरात अर्धा भाग घातक रूपात असतो. पीएच ८ ला पाच भाग. आपल्या क्षारांच्या पाण्याला हा दुसरा आकडा लागू. ऐकायला भीतीदायक असलं तरी पुरा हिशेब मांडला तर चित्र बदलतं. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरामाइनमधून साधारण ०.२ मिलिग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन सुटतो. पाव भागच पाणी बदललं तर टाकीत तो ०.०५ होतो, आणि त्यातला पाच टक्के अगदी नगण्य. मुरलेल्या फिल्टरमधले जिवाणू तो काही तासांत पचवतात. पण टाकी पुरती रिकामी करून, खडे नळाखाली घासून, स्पंज साबणाने धुऊन सगळं नवं पाणी भरलं, तर पचवायला कोणी उरत नाही. रविवारची ‘टाकी धुण्याची’ पद्धत हे मासे मरण्याचं दुसरं मोठं कारण आहे आणि ती सोडून देण्यासारखी आहे. स्पंज पिळायचाच तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात पिळावा. काचेवरचं शेवाळ खरवडावं, तळची घाण नळीने ओढून घ्यावी, बाकीचं राहू द्यावं.

आपल्या घरी यातला कोणता दिवस आहे, हे कळायला एक साधन गावात आधीच असतं. पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची छोटी पेटी असते. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळं पडतं. जितका क्लोरीन तितका गडद पिवळा. रोजच्या कामात हा रंग एकदा पाहून नोंद होते. मासे पाळणाऱ्याने तो दोनदा पाहावा. दहा सेकंदांच्या आत दिसतो तो मुक्त क्लोरीनचा रंग. नळी पंधरा मिनिटं तशीच ठेवली आणि पिवळेपणा आणखी चढला, तर वाढलेला भाग संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा. पहिल्या दहा सेकंदांत पाणी जवळजवळ पांढरं आणि पाव तासाने लिंबाच्या रंगाचं, असं दिसलं की समजावं: रात्रभर ठेवून या पाण्याचं काही होणार नाही. हे रसायन हाताला लागू देऊ नये आणि तपासलेलं पाणी टाकीत कधीही ओतू नये.

क्लोरीनच नको, म्हणून काहीजण बोअरकडे वळतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो हे खरं. पण उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाटपाणी आणि युरिया मुरलेल्या जमिनीखालचं पाणी क्षारांचं असतं, आणि त्यात नायट्रेटही असू शकतं. गप्पी, मॉली, गोल्डफिश असं जड पाणी आनंदाने सोसतात; निऑन टेट्रा किंवा डिस्कस घ्यायचा हट्ट धरला तर तो मासा झिजत जातो. बोअरचं पाणी जमिनीतून नुकतंच वर आलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही टबात पडू देऊन, हवा देऊनच वापरावं. उन्हाळ्यात आटलेल्या टाकीत नुसती भर घालत राहणं ही इथली दुसरी सवय. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि प्रत्येक भरीबरोबर ते वाढत जातात. गावच्या मशिनीतलं आरओ पाणी हा त्यावर निम्मा उपाय आहे. नुसतं आरओ भरलं तर पीएच सांभाळणारे क्षारच उरत नाहीत. बोअरमध्ये थोडं मिसळलं तर मात्र ते चांगलं काम करतं.

हे सगळं वाचून क्लोरीनला खलनायक ठरवू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा विहिरींच्या आणि नळांच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही ही रोजची बातमी झाली होती. माशांसाठी गावाने औषध कमी टाकावं, असं म्हणणं अविचाराचं ठरेल. टीसीएल नियमित, मापात आणि ताजी पडावी हे मासे पाळणाऱ्याच्याही हिताचं आहे, कारण त्याचा खरा शत्रू चढउतार आहे. उरलेलं काम घरातल्या बादलीत करायचं.

न जमल्यावर लोक जे करतात तेही इथे सांगायला हवं. मासे टिकत नाहीत म्हणून वैतागलेलं घर उरलेला मासा नदीत सोडतं आणि त्याला जीवदान समजतं. भीमा पुढे उजनीत जाते, आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आज सकर मासा अडकतो. काच साफ करायला म्हणून घरोघरच्या टाक्यांत ठेवतात तो हा मासा. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि त्याला बाजार नाही. नदीत मासा सोडू नये, एवढंच नव्हे, तो सोडावासा वाटावा अशी वेळच येऊ देऊ नये.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप: जिथे बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथे माशांसाठी आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचं? हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याला ‘माशालाही जीव आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. ज्या घरी प्यायच्या पाण्याची ओढ आहे तिथे मार्च ते जूनमध्ये नवा मासा आणू नये, टाकीतली गर्दी निम्म्यावर आणावी आणि खाणं कमी करावं. कमी खाणं म्हणजे कमी घाण, आणि कमी घाण म्हणजे कमी पाणी. काढलेलं पाणी मोरीत ओतू नये. त्यात नायट्रेट असतं, ते तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या वांग्या-मिरचीला खताचं पाणी म्हणून चालतं, त्यामुळे ते १५ लिटर वाया जात नाहीत, तेवढं रोपांना वेगळं घालावं लागत नाही. एकदम पाव टाकी बदलण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सहा-सात लिटर बदलावं. आणि त्या महिन्यांत पाणी टँकरचं असेल तर हायपोचं माप कमी करण्याचा विचारही मनात आणू नये, कारण टँकरमध्ये टीसीएल भरतानाच टाकतात, ती पुरती मिसळायच्या आत पाणी दारात येतं, आणि पहिल्या हंड्यात किती उतरली नि शेवटच्यात किती, हे ओटीच्या नळीशिवाय कळत नाही.